मगदूम सरांची फरशी

"आधी चार्जिंग, मग पाणी. उलटं करायचं नाही," सासरे म्हणाले आणि माहितीपत्रक पुन्हा डोळ्यांजवळ धरलं. "पण का करायचं नाही, ते कुठंच लिहिलेलं नाही. बघा बरं."

सोप्यात, म्हणजे दारातनं आत आल्यावरच्या बैठकीच्या जागेत, सतरंजीवर खोक्यातलं सगळं सामान मांडलं होतं. दोन तुकड्यांची दांडी, खालचा जाड चपटा भाग, त्याला चिकटवायच्या दोन गोल गाद्या, पाण्याची टाकी आणि चार्जर. फरशी पुसायचा बॅटरीवरचा मॉप होता तो. बटण दाबलं की पुढं बारीक फवारा उडतो आणि मागून गोल गाद्या फिरत फरशी पुसत जातात. त्रिशलानं, माझ्या बायकोनं, वडलांसाठी तो माझ्याबरोबर पाठवला होता. माझ्याबरोबर आणखी एक कामही पाठवलं होतं. बाबांना पुण्याला यायला तयार कर, आम्ही सांगून ऐकत नाहीत, तुझं कदाचित ऐकतील. मी ऑफिसचं काम लॅपटॉपवर घेऊन आठवडाभरासाठी सासुरवाडीला आलो होतो.

सांगलीजवळ कृष्णेकाठी त्यांचं गाव. आदल्या ऑगस्टच्या महापुरात घरात कमरेच्या वर पाणी चढलं होतं. त्याच्याआधी वर्षभर सासूबाई गेल्या होत्या. पूर ओसरल्यावर सासऱ्यांनी घरातला गाळ स्वतः काढला, भिंतींना चुना लावून घेतला आणि परत तिथंच राहायला लागले. गावात त्यांना सगळे मगदूम सर म्हणत. हायस्कुलात जन्मभर विज्ञान शिकवलेलं. आमच्या लग्नात जेवणाच्या पंगतीत माझ्याशेजारी बसून त्यांनी मला विचारलं होतं की जिलबीचा पाक आतपर्यंत कसा जातो, कधी विचार केलाय का. तेव्हा मला वाटलं होतं, माणूस मजेशीर आहे. सासूबाई गेल्यापासून त्यांनी कुणाला काही विचारलेलं माझ्या ऐकण्यात नव्हतं. फोनवर "बरं आहे", "जेवलो", "ठेवू?" एवढंच.

त्यामुळं त्या सकाळी "का करायचं नाही" हा प्रश्न ऐकून मी जरा चमकलोच.

"टाकी भरलेली असताना चार्जरवर लावलं आणि पाणी गळलं तर शॉक बसेल म्हणून असेल," मी म्हणालो.

"असेल. मग तसं लिहायला काय झालं? कारण सांगितलं की माणूस लक्षात ठेवतो." त्यांनी दांडीचे दोन तुकडे जोडले. टक् असा आवाज झाला. खात्री करायला त्यांनी दांडी ओढून बघितली, परत सोडवली, परत जोडली. लाल दिवा हिरवा व्हायची वाट बघत ते दुपारपर्यंत तीनदा चार्जरपाशी जाऊन आले.

संध्याकाळचं जेवण त्यांच्या घरी दिवस मावळायच्या आत असतं. त्याआधी आम्ही सोपा पुसून बघितला. फरशी शहाबादी, मोठाल्या लाद्यांची. मॉप गुणगुणत पुढं जायचा आणि मागं पाण्याचा इतका पातळ थर राहायचा की बघता बघता वाळायचा.

"बादलीतलं फडकं नुसतं भिजवतं," सासरे म्हणाले. "हे भिजवतं आणि पुसतं. पाणी किती थोडं लागतंय बघा."

"मधली खोली पण करून टाकू?" मी विचारलं. मधली खोली म्हणजे त्यांची झोपायची.

"ती राहू दे. तिथं मी पुसतो."

"अहो, आता हातात आहेच तर."

"जावईबापू, तिथं मी पुसतो म्हटलं ना."

आवाज चढला नव्हता, पण पुढं बोलायची सोय नव्हती. आल्या दिवशीही असंच झालं होतं. मी माझी बॅग मधल्या खोलीत ठेवायला गेलो, तर त्यांनी दारातच ती माझ्या हातातून घेतली आणि सोप्यालगतच्या खोलीत नेऊन ठेवली. सासूबाई मधल्या खोलीत गेल्या होत्या. त्यांना ती तशीच ठेवायची असेल, असं मी धरून चाललो.

दुसऱ्या दिवशी फवारा बंद पडला. गाद्या फिरत होत्या, पण पाणी येईना. मी कंपनीला फोन लावायला निघालो.

"थांबा की जरा," सासरे म्हणाले. त्यांनी मॉप उलटा केला आणि फवाऱ्याच्या भोकाकडं बोट दाखवलं. भोकाभोवती पांढरी पापडी धरली होती. "काल टाकीत पाणी कुठलं घातलं होतं?"

"बोअरचं."

"म्हणजे क्षार. रात्रभर वाळले आणि बसले तोंडाशी. आम्लात विरघळतील. स्वयंपाकघरातनं लिंबू आणा."

वाटीत लिंबाचं पाणी करून आम्ही तो भाग त्यात बुडवून ठेवला. मग त्यांनी शिवणाच्या सुईनं भोक हलकेच मोकळं केलं, टाकीत पिण्याचं पाणी भरलं आणि बटण दाबलं. फवारा उडाला. त्यातला थोडा त्यांच्या धोतरावर गेला आणि ते चक्क हसले. त्यानंतर त्यांनी नियमच घालून घेतला. काम झालं की टाकी रिकामी करायची, गाद्या काढून साध्या साबणानं धुवायच्या आणि दोरीवर वाळत घालायच्या. मॉप भिंतीला टेकवून ठेवायचा नाही, खिळ्याला टांगायचा, म्हणजे ओल गादीवर बसत नाही. प्रत्येक नियमाबरोबर कारण असायचंच.

मी रात्री त्रिशलाला फोनवर सांगितलं की बाबा बोलतात.

"काय बोलतात?"

"क्षारांबद्दल."

"पुण्याबद्दल काढलास का विषय?"

"काढतो," मी म्हणालो.

तिसऱ्या दिवशी दुपारी ते बस्तीत गेले. तिकडं जैन मंदिराला बस्ती म्हणतात. घरात मी एकटा होतो आणि ऑफिसची मीटिंग रद्द झाली होती. पूर्ण चार्ज केलेला मॉप किती वेळ चालतो यावर सकाळी आमचा वाद झाला होता. माहितीपत्रकात लिहिलेला वेळ खोटा आहे, असं त्यांचं म्हणणं. ते ताडून बघावं म्हणून मी मॉप सुरू केला. सोपा झाला, माझी खोली झाली, स्वयंपाकघर झालं, तरी बॅटरी संपेना. म्हणून मधल्या खोलीत शिरलो. त्यांनी नको म्हटलेलं आठवत होतं, पण ते येण्याआधी पुसून होईल आणि कळणारही नाही, असं वाटलं.

खोलीत सामान फार नव्हतं. भिंतीत कपाट, खिडकीखाली खुर्ची आणि आतल्या भिंतीला लागून शिसवी पलंग. दारापासून पुसत पुसत मी पलंगापाशी आलो आणि मॉपचा आवाज बदलला.

आधी वाटलं बॅटरी उतरली. पण गाद्यांचा वेग तोच होता. मागं घेतला की आवाज नेहमीसारखा, पुढं नेला की जाड, घुमल्यासारखा. रिकाम्या पिंपावर मोबाईल ठेवल्यावर तो थरथरायला लागला की येतो तसा. मी चारपाच वेळा मागंपुढं करून बघितलं. मग मागं वळून बघितलं तर आणखी एक गोष्ट दिसली. बाकी खोलीत पाण्याचा पातळ थर अजून चमकत होता. पलंगाच्या पायथ्याशी दोन लाद्या मात्र कोरड्या पडल्या होत्या. मी वाकून तिथं जास्तीचा फवारा मारला. पाण्याचे थेंब सांध्याकडं सरकले आणि सांध्यात नाहीसे झाले. परत मारला. परत तेच.

"पाणी कुठं जातंय?" मी स्वतःशीच म्हणालो.

"खाली," दारातून आवाज आला.

सासरे केव्हा आले ते मला कळलंच नव्हतं. कपाळाला गंध होतं, हातात पिशवी. मी ओशाळून उभा राहिलो. ते रागावतील असं वाटलं होतं. ते माझ्याकडं बघत नव्हते, सांध्याकडं बघत होते.

"परत मारा," ते म्हणाले.

मी मारलं. त्यांनी पिशवी दारातच ठेवली, आत आले, गुडघ्यावर बसले आणि वाकून बघायला लागले.

"नुसतं मुरत नाहीये. मुरताना वेळ लागतो. हे ओघळतंय." त्यांनी बोटानं सांधा चाचपला. सिमेंट भुसभुशीत होऊन गेलं होतं. "पुरात धुऊन गेलेलं दिसतंय. त्या कोनाड्यात सायकलच्या चाकाची तार आहे, ती द्या."

तार सांध्यात घातली. माती लागेल म्हणून त्यांनी जोर लावला होता. तार काही न लागता सगळीच्या सगळी आत गेली आणि त्यांची बोटं लादीवर आपटली. त्यांनी ती बाहेर काढली, टोकाकडं बघितलं. मग मला सुतळीचा गुंडा आणायला सांगितला. सुतळीच्या टोकाला जुन्या कुलपाची बारीक किल्ली बांधली आणि सांध्यातून खाली सोडायला लागले. गुंडा उलगडत होता. मी त्यांच्या चेहऱ्याकडं बघत होतो. मन लावून काम करणाऱ्या माणसाचा असतो तसा तो चेहरा होता, ओठ थोडे पुढं काढलेले. हात उंच करावा तेवढी सुतळी गेली, आणखी तेवढी गेली, तरी ती ताणलेलीच होती. मग ढिली पडली.

त्यांनी सुतळीला गाठ मारून खूण केली आणि वर बघितलं.

"जावईबापू, हे पेव आहे."

"पेव म्हणजे?"

"हळद ठेवायची जमिनीतली कोठी. तोंड अरुंद, आत खोली एवढी मोठी. आमच्या भागात पूर्वी जागोजागी असायची. ही जागा विकत घेतली तेव्हा जुना मालक म्हणाला होता, एक पेव होतं ते बुजवलंय. त्यानं नुसतं तोंड बुजवलं असणार. पुराच्या पाण्यानं ती माती खाली गेली. आता वर नुसती लादी आहे."

"आणि लादीवर तुमचा पलंग," मी म्हणालो.

सासरे सुतळी गुंडाळत राहिले.

"मामा, पलंग आत्ता हलवू," मी सासऱ्यांना म्हणालो.

"आज राहू दे. उद्या बघू."

"उद्या कशाला? आज रात्री तुम्ही यावर झोपणार?"

"इतके महिने झोपलोय ना."

"तेव्हा माहीत नव्हतं."

त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि नजर काढून घेतली. मला वाटलं, बायकोचा पलंग आहे, जागचा हलवायला जीव होत नसेल. मी जास्त बोललो नाही. सरळ शेजारच्या गल्लीत जाऊन आप्पा बोंद्र्यांना घेऊन आलो. तरुणपणी पेवात उतरून हळद काढायचं काम त्यांनी केलं होतं, हे सासऱ्यांनीच कधीतरी सांगितलं होतं. बोंद्र्यांनी दारात उभं राहूनच लांब पहारीनं लाद्या ठोकल्या. दोन ठिकाणी आवाज ऐकून त्यांनी पहार खाली ठेवली.

"सर, पलंग भाईर काढूया. पण लई सावकाश. पलंगाच्या पल्याड कुणी जायचं नाही, हिकडनंच वढायचा."

दाराकडनंच ते दोघं एका कोपऱ्याला लागले, मी दुसऱ्या. पलंग शिसवी, जड. थोडा सरकला आणि त्याचा मागचा पाय लादीच्या कडेला अडकला. तो उचलून द्यावा म्हणून मी पलंगाला वळसा घालून पुढं झालो.

"त्या फुटक्या कोपऱ्याच्या लादीवर पाय नको," सासरे ओरडले. "मागं या. मागं."

मी थबकलो, पण पाय पडला होता. लादी माझ्या पायाखाली हलली. त्यांनी पलंग सोडून माझा दंड धरला आणि इतक्या जोरात ओढलं की आम्ही दोघंही कपाटावर जाऊन आदळलो. लादी मधोमध तडकली, तिचा अर्धा भाग खाली गेला आणि जरा वेळानं खालून धप्प असा आवाज आला. पाठोपाठ दुसरी गेली. पलंगाचा एक पाय भोकावर अधांतरी लटकला. भोकातून गार, कुबट वारा वर आला.

माझा दंड सासऱ्यांच्या हातात तसाच होता.

पलंगाला दोर बांधून बोंद्र्यांनी तो बाहेर ओढून घेतला. मग त्यांनी कंदील पेटवून दोरीनं भोकात सोडला. थोडा खाली गेला आणि विझला.

"वारा खराब आहे. दोन दिवस उघडं ठेवूया, कुणी वाकून बघू नका. मग मुरूम भरू." जाताना ते दारात थांबले. "सर, आदी कदी आवाज नाही आला? पुरानंतर म्हणजे लादी चालताना वाजली असणार."

"आला होता," सासरे म्हणाले. "दिवाळीपासून येत होता."

बोंद्रे मान हलवून गेले. मी सोप्यात बसून होतो. दंडावर त्यांच्या बोटांचे वळ उठले होते. कुठल्या लादीवर पाय द्यायचा नाही, हे त्यांना आधीपासून माहीत होतं. माझी बॅग त्यांनी त्या खोलीत ठेवू दिली नव्हती. मला तिथं पुसू दिलं नव्हतं. स्वतः मात्र रोज संध्याकाळी दिवस मावळला की तिथं जाऊन झोपत होते. मी ते सगळं जुळवत होतो आणि जुळू नये असंही वाटत होतं. त्या रात्री त्यांचं अंथरूण मी माझ्या खोलीत घातलं. ते मुकाट्यानं येऊन झोपले.

पुढचे दोन दिवस आम्ही त्याबद्दल बोललो नाही. पण सासरे त्या खोलीच्या दाराशी खुर्ची टाकून बसायचे. बोंद्र्यांनी भोकात पंख्यानं हवा सोडायची व्यवस्था केली होती. मधूनमधून कंदील खाली सोडायचा, तो कुठपर्यंत जळतो ते बघायचं, हे काम सासऱ्यांनी स्वतःकडं घेतलं. खराब हवा जड असते, ती तळाशी बसते आणि वरनं कमी होत जाते, म्हणून कंदील आधी वरच विझत होता आणि आता खाली जाऊन विझतो, हे त्यांनी मला समजावून सांगितलं. कंदील तळाला टेकूनही जळत राहिला तेव्हा त्यांनी बोंद्र्यांना निरोप धाडला आणि शिडी मागवली.

"भरायच्या आधी मला आत उतरून बघायचंय," ते म्हणाले.

"सर, या वयात?"

"मग कधी? उद्या मुरूम पडला की संपलं."

बोंद्रे आधी उतरले, भिंती ठोकून बघून वर आले. मग कमरेला दोर बांधून सासरे उतरले. मी वर थांबणार होतो. खालून त्यांची हाक आली, "जावईबापू, तुम्ही पण या. हे बघायला पाहिजे."

मी उतरलो. खाली माती पडून ढीग झाला होता, त्यावर फुटक्या लाद्या. कंदिलाच्या उजेडात भिंती वर वर जवळ येत गळ्याशी मिळत होत्या, मडक्याच्या आत उभं राहिल्यासारखं. सासऱ्यांनी नखानं भिंत खरवडली आणि बोट माझ्या नाकाशी धरलं. वास आला. पूर येऊन गेला होता, त्याआधी किती वर्षं पेव बंद होतं कोण जाणे, तरी हळदीचा वास होता.

"कसा राहिला असेल हो हा?" ते म्हणाले. "पाण्यानं धुऊन जायला हवा होता."

"मामा," मी म्हणालो, "तुम्हाला माहीत होतं."

ते भिंतीकडंच बघत राहिले. वरून बोंद्र्यांचा कुणाशी तरी बोलण्याचा आवाज येत होता.

"आवाज माहीत होता," ते म्हणाले. "किती खोल आहे ते माहीत नव्हतं. वाटायचं, कधीतरी झोपेतच लादी खाली जाईल. ठरवून केलं असंही होणार नाही. पोरीला कुणी काही बोलणार नाही." त्यांनी बोट धोतराला पुसलं. "तुम्ही फवारा मारलात आणि ते पाणी असं सरसर गेलं. मला राहवेना. कुठं जातंय ते बघितल्याशिवाय राहवेना."

मी कंदील उचलून त्यांच्या बाजूला धरला. ते भिंतीवरून हात फिरवत एक पुरा फेरा घालून आले.

"त्रिशलाला सांगू नका."

"नाही सांगत. पण तुम्ही मला सांगत जा."

त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, "चला वर. गुडघे दुखायला लागले."

शिडी चढताना मी त्यांच्या मागं होतो. प्रत्येक पायरीवर ते थांबत होते आणि दोन्ही हातांनी शिडी घट्ट धरत होते. वर आल्यावर बोंद्र्यांनी दोर सोडला. सासरे खुर्चीवर बसले, पाणी प्यायले आणि मुरूम कधी येणार ते विचारलं. बोंद्रे म्हणाले, गाडी परवा मिळेल.

मी त्या संध्याकाळी पुण्याला निघणार होतो. बॅग भरून सोप्यात ठेवली होती. सासऱ्यांनी बॅगेकडं बघितलं, मग मधल्या खोलीच्या दाराकडं.

"परवापर्यंत थांबता का?" त्यांनी विचारलं. "ते भोक उघडं असताना शेजारच्या खोलीत एकट्यानं झोपायला मला भीती वाटते."

मी बॅग उचलून परत आत नेऊन ठेवली.